जुन्या पिकअपचं हेड गॅस्केट परत परत जातंय? इंजिन बांधण्याआधी ते कशानं गेलं ते शोधा

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. जुनी डिझेल पिकअप स्वस्तात मिळाली. विकणारा म्हणाला, 'थोडं इंजिनचं काम आहे, गॅस्केट टाकलं की झालं.' गॅस्केट टाकलं, हेडचं फेसिंग केलं (म्हणजे तोंड घासून सपाट केलं), गाडी सपाटीला छान पळाली आणि पहिल्याच मोठ्या घाटात भार घेऊन चढताना तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. पुन्हा पाणी उकळलं, पुन्हा हेड उघडलं, पुन्हा गॅस्केट जळालेलं. असं दोन-तीनदा झालं की मालक कंटाळून फुल इंजिन करून घेतो. आणि काही महिन्यांनी तेही तापायला लागतं.

हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं गॅस्केट आधी जातं, कारण ते या सगळ्या जोडणीतलं सगळ्यात नाजूक ठिकाण आहे. ते जाण्याचं कारण मात्र दुसरीकडे असतं. इंजिन ज्यानं मारलं ते कारण बहुतेक वेळा अजून गाडीवरच बसलेलं असतं: बुजलेला रेडिएटर, काढून टाकलेला थर्मोस्टॅट, उसवलेला हवेचा पाइप, घासत राहिलेला ब्रेक. नवं इंजिन बांधून त्याच वातावरणात ठेवलं तर त्याचंही तेच होणार. म्हणून जुनी पिकअप घेताना आणि तिचं काम काढताना पहिला प्रश्न 'इंजिनला किती खर्च येईल' हा नाही. 'हे इंजिन गेलं कशानं' हा आहे. त्याचं उत्तर हातात आल्याशिवाय एकही बोल्ट सोडू नका.

खालचं सगळं यांत्रिक डिझेल पंपाच्या, चार सिलिंडरच्या, बीडाचं हेड असलेल्या जुन्या डिझेल पिकअपबद्दल आहे. नव्या कॉमन रेल, म्हणजे संगणकानं डिझेल सोडणाऱ्या गाड्यांचं पाण्याचं गणित तेच असतं, डिझेलचं वेगळं असतं.

घेण्याआधी

असल्या गाड्या घेण्यासारख्या असतात हे आधी सांगतो, कारण खराब इंजिन म्हटलं की लोक घाबरतात. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या जीप आणि पिकअपमध्ये २५२३ सीसीचं डिझेल इंजिन आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) साडेतीन इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) चार इंच. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरांना बसणाऱ्या बी.डी. १५४ इंजिनाचं हेच माप. १९६३ साली महिंद्रानं याच कंपनीबरोबर भारतात ट्रॅक्टरचं काम सुरू केलं होतं. अशा घराण्याचं इंजिन संथ, जड आणि पुन्हा पुन्हा बांधता येण्याजोगं असतं. ते उघडण्यासाठी संगणक लागत नाही, आणि तालुक्याच्या लेथवाल्याचा हात त्यावर बसलेला असतो. इंजिन खराब असणं हे भाव पाडण्याचं कारण आहे, गाडी सोडून देण्याचं नाही.

गाडी सोडून द्यायची ती चासीसाठी. इंजिन बांधता येतं, कुजलेली चासी बांधता येत नाही. केबिनच्या मागे जिथे हौद्याचा पहिला आडवा तुकडा येतो तिथे, आणि पाट्यांचे हँगर जिथे रिव्हेट केलेत तिथे, हातोडीनं टोकून बघा. खणखणीत आवाज यायला हवा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मासळी वाहिलेल्या गाडीत बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं चासीवर ठिबकलेलं असतं. वरून ताजा काळा रंग मारलेला असला तर जास्तच बारकाईनं बघा. चासी नंबर पुसट झाला असेल किंवा त्याच्या आसपास वेल्डिंग दिसत असेल तर तिथूनच परत फिरा.

इंजिन बघायला सकाळी जा आणि थंड असतानाच बघा. बॉनेट उघडल्याबरोबर हेडला हात लावा. ते कोमट लागलं तर तुम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवली होती असं समजा आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जा. गाडी थंड असतानाच रेडिएटरची कॅप उघडा. तापलेल्या गाडीची कॅप कधीही उघडू नका, उकळतं पाणी सरळ तोंडावर येतं. आत बघा: पाणी गंजाचं तांबूस आहे, की वर तेलाचा थर तरंगतोय? मग डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ चहाच्या रंगाचं असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलेलं आहे. हेडच्या सांध्याला लाल किंवा राखाडी सिलिकॉन बाहेर आलेलं दिसलं तर हेड घाईत बसवलेलं आहे. हेड गॅस्केटला सिलिकॉन लावायचं नसतं.

भाव ठरवताना 'फक्त गॅस्केट' हा शब्द ऐकूच नका. फुल इंजिनचा खर्च धरा: बोअर, पिस्टन-रिंग, बेअरिंग, क्रँक, हेड, पंप, नोझल, रेडिएटर. कमी खर्चात भागलं तर तो तुमचा फायदा.

कागद थोडक्यात. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, आणि ही नोंद खरेदीपासून ३० दिवसांत घालायची. मालवाहू गाडी आठ वर्षांपुढची असेल तर फिटनेस दरवर्षी लागतो, आणि १५ वर्षांपुढच्या गाड्यांची फी एप्रिल २०२२ पासून खूप वाढलेली आहे; तो हिशेब आधीच करा. आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. आधीच्या मालकानं दुसरं इंजिन टाकलेलं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. ती नसेल तर पासिंगला गाडी अडकते.

उघडण्याआधी काय तपासायचं

माझ्या मावसभावानं घेतलेली पिकअप कराड-चिपळूण रस्त्यावर चालते. जाताना भाजी, येताना जांभ्याचे चिरे. म्हणजे भार नेमका कुंभार्ली घाट चढतानाच असतो. आधीच्या मालकाकडे तिचं हेड बऱ्याचदा उघडलं गेलं होतं, आणि गॅस्केट दर वेळी चौथ्या सिलिंडरच्या मागच्या बाजूलाच जळत होतं. जुनी गॅस्केटं त्यानं शेडमध्ये टांगून ठेवली होती, हे आमचं नशीब. एकाच जागी पुन्हा पुन्हा जळणारं गॅस्केट हा मोठा पुरावा आहे. गॅस्केटचा दर्जा वाईट असता तर ते कधी इथे, कधी तिथे गेलं असतं. तुमचंही जुनं गॅस्केट भंगारात देऊ नका. त्यावर सिलिंडरचे नंबर टाका आणि जपून ठेवा.

थंड इंजिनावर पहिली चाचणी फुकट आहे. रेडिएटर काठोकाठ भरा, कॅप उघडी ठेवा, गाडी चालू करा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात ते अडकलेल्या हवेचे. ते थांबायला हवेत. रेस दिली की बुडबुडे वाढत असतील आणि पाणी बाहेर ढकललं जात असेल, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. कॅप लावून थंड इंजिन चालू केल्यावर एक-दोन मिनिटांतच रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा कडक झाला तर तेच. पाणी अजून तापलेलंच नाही, मग दाब आला कुठून? शंका उरली तर निळ्या द्रवाची चाचणी मिळते: रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून त्यातली हवा द्रवातून ओढायची, जळका गॅस असेल तर द्रव हिरवट किंवा पिवळं होतं. डिझेलमध्ये रंग सावकाश बदलतो, तेव्हा घाई करू नका आणि इंजिनावर थोडा जोर देऊन बघा.

पाणी कमी होतं पण बुडबुडे नाहीत, असं असेल तर हेडला हात लावण्याआधी पाणी नेमकं जातं कुठे ते ठरवा. पाण्यात तेल आहे पण ऑइल स्वच्छ आहे, तर आधी ऑइल कूलर बघा. गाडी चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो म्हणून तेल पाण्यात जातं. ऑइलमध्ये पाणी आहे आणि इंजिन ओल्या लायनरचं आहे (सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट पाणी लागतं असं), तर लायनरच्या खालच्या रबरी रिंगा संशयित. चेंबर (ऑइलचं खालचं भांडं) काढून, रेडिएटरला हातपंपानं एक बारपर्यंत दाब देऊन रात्रभर ठेवा आणि सकाळी कुठल्या लायनरखाली थेंब आहे ते टॉर्चनं बघा. सकाळी पहिल्या सुरुवातीला पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल आणि एक सिलिंडर अडखळत असेल, तर त्या सिलिंडरमध्ये रात्रीतून पाणी उतरतंय. अशा वेळी नोझल काढल्याशिवाय सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

इंजिनाची स्वतःची ताकद बघायला कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबल्यावर येणारा दाब, मोजा. डायरेक्ट इंजेक्शनच्या धडधाकट डिझेल इंजिनाला साधारण २५ ते ३० बार मिळतो. तुमच्या इंजिनाचा खरा आकडा पुस्तकातून घ्या. एकूण आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. शेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी असतील तर त्यांच्या मधल्या पट्टीवर गॅस्केट गेलंय. चारही कमी असतील आणि ऑइलच्या झाकणातून भकाभका धूर येत असेल, ज्याला आपले मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तर रिंगा-बोअर संपलेत. तिथे गॅस्केट बदलून पैसे घालवू नका.

खरी कारणं

यातल्या पहिल्या कारणावर मी थांबून बोलणार आहे, कारण ते आपल्याकडे जवळजवळ रीतच झालंय. गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायचा. 'आपल्या हवेत त्याची गरज नाही' असं सांगितलं जातं. हे चुकीचं आहे, आणि त्यानं इंजिन दोन्ही बाजूंनी मरतं.

थर्मोस्टॅट थंड इंजिनात रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी बायपासनं परत पंपाकडे फिरवतो. साधारण ८२ अंशांना तो उघडायला लागतो. बऱ्याच इंजिनांत तो उघडताना खालच्या चकतीनं बायपासची वाट बंदही करतो. तो काढला की दोन्ही वाटा कायमच्या उघड्या. पाणी सोप्या वाटेनं जातं. त्यातला मोठा भाग रेडिएटरकडे न जाता बायपासनंच इंजिनात परत येतो. सपाटीला हे लक्षातही येत नाही. घाटात, जेव्हा थेंब न् थेंब रेडिएटरमधून जायला हवा, तेव्हा गाडी तापते. आणि दुसरीकडे, सपाटीवर रिकामी पळताना इंजिन ५५-६० अंशांवरच राहतं. डिझेल पुरतं जळत नाही, भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं, काजळी साचते, बोअर झिजतात. म्हणजे घाटात गॅस्केट आणि सपाटीला रिंगा. मावसभावाच्या गाडीत थर्मोस्टॅटची जागा रिकामी होती, आणि बॅक कॉम्प्रेशनही होतं. दोन्ही तक्रारी वेगळ्या मानून वेगवेगळे इलाज चालले होते.

नवा थर्मोस्टॅट टाकण्याआधी तपासा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोरीला बांधून तळाला न टेकेल असा सोडा, शेजारी थर्मामीटर धरा. त्यावर छापलेल्या अंशाजवळ उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. नवे सुटे भागही कधी कधी न उघडणारे निघतात.

दुसरं, पंख्याभोवतीचं आवरण, म्हणजे श्राउड. अपघातात किंवा रेडिएटर काढताना ते तुटतं, आणि मग बसवलंच जात नाही. आवरण नसलं की पंखा स्वतःच्या कडेनं हवा फिरवत बसतो, जाळीच्या कोपऱ्यांतून हवा येतच नाही. घाटात गाडीचा वेग ताशी वीस-पंचवीस असतो, वारा नसतो, सगळी भिस्त पंख्यावर. श्राउड मिळत नसेल तर पत्र्याचं बनवून घ्या. पंख्याची पाती अर्धी आत, अर्धी बाहेर राहतील असं. आमच्या गाडीला पत्र्याचंच आहे.

तिसरं, रेडिएटर. बाहेरून पाण्यानं धुऊन तो स्वच्छ दिसतो, पण आतल्या नळ्या बोअरवेलच्या जड पाण्यानं बुजलेल्या असतात. गाडी तापवून जाळीवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवा. मधेच एखादा थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. वरचा पाइप चटका देणारा आणि खालचा जवळजवळ गार, तर पाणी फिरत नाहीये. दोन्ही सारखेच तापलेले, तर पाणी फिरतंय पण हवा त्याला गार करत नाहीये. या एका तपासणीनं अर्धा शोध संपतो. खालचा पाइप रेस दिल्यावर चपटा होतो का तेही बघा. त्याच्या आतली स्प्रिंग गंजून गेलेली असते आणि पंप पाणी ओढताना पाइपच बसतो. वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) उघडलीत तर आतला पंखा शाफ्टवर घट्ट आहे ना, त्याची पाती गंजून अर्धी झालीत का, हे बघा. रेडिएटरची कॅप जुनी असेल तर विचार न करता बदला, पण छापलेल्या दाबाचीच घ्या. ०.९ बारची कॅप पाण्याचा उत्कलनबिंदू ११८ अंशांच्या आसपास नेते. कॅपचा रबर गेला की हा सगळा फायदा गेला. महाबळेश्वरच्या उंचीवर तर उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं.

आता चौथ्या सिलिंडरची गोष्ट. वॉटर बॉडी पुढे असते. थंड पाणी आधी पहिल्या सिलिंडरला मिळतं, आणि गंज, माती, क्षार मागे जाऊन साचतात. ब्लॉकच्या बाजूचे वेल्श प्लग (पाण्याच्या जागेची पत्र्याची बुचं) ठोकून काढल्यावर आम्हाला चौथ्याभोवती पाण्याची जागाच दिसली नाही. घट्ट तांबडा गाळ, स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडून काढावा लागला. भिंतीभोवती पाणीच नाही म्हटल्यावर तिथलं बीड इतरांपेक्षा जास्त तापणार, जास्त फुगणार, गॅस्केट तिथेच दबून जळणार. किती वेळा हेड उघडलं तरी हा गाळ वरून दिसत नाही. रेडिएटर सोडवून ठेवा, गाळ तारेनं खरवडा, मग लिटरला ५० ग्रॅम लिंबूसत्व घातलेलं गरम पाणी ब्लॉकमध्ये काही तास ठेवा, नंतर खायच्या सोड्याचं पाणी, आणि शेवटी नितळ पाणी येईपर्यंत नळी लावून धुवा. वेल्श प्लग परत घालताना नवे घाला.

हेड बसवताना

हेडचं फेसिंग सगळे करतात, ब्लॉकचं तोंड कोणी बघत नाही. सरळ पट्टी आणि फीलर गेज घ्या, लांबीनं, रुंदीनं आणि दोन्ही कर्णांनी तपासा. ०.१ मिलीमीटरची पाती कुठे सहज जात असेल तर ते तोंड सरळ नाही. स्लीव्हची (लायनरची) कड ब्लॉकच्या तोंडाखाली बसली असेल तर गॅस्केटची लोखंडी कडी तिथे दाबलीच जात नाही. अशा ब्लॉकवर कितीही महाग गॅस्केट टिकणार नाही. हेड खूप वेळा घासलेलं असेल तर त्याची जाडी मोजा. कमीत कमी जाडीच्या खाली गेलेलं हेड बदलावं लागतं, नाहीतर व्हॉल्व आणि पिस्टन भेटतात. व्हॉल्व सीटच्या मधली भेग लाल डायनं तपासून घ्या आणि हेडला गरम पाण्यात दाब देऊन घ्या. भेग थंड असताना बंद असते.

गॅस्केटच्या कडेला खाचा किंवा भोकं असतात, ती जाडीची खूण आहे. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजनं मोजून त्याप्रमाणे जाडी निवडायची; दुकानदारानं दिलं ते बसवायचं नाही.

बोल्ट एका ओळीत उभे करा. एखादा लांब झाला असेल, मानेला बारीक झाला असेल, तर सगळा संच बदला. बोल्टची भोकं टॅप फिरवून, हवेनं फुंकून कोरडी करा. भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट तळापर्यंत जात नाही, टॉर्क (आवळण्याचा जोर) मात्र पूर्ण दाखवतो, आणि कधी कधी ब्लॉकच तडकतो. टॉर्क रेंच नसेल तर भाड्यानं आणा, पण पाइप लावून अंदाजानं हेड आवळू देऊ नका. मधून बाहेर, तीन टप्प्यांत. गॅस्केट पुन्हा टॉर्क मागणारं असेल तर इंजिन तापवून, गार करून एकेक बोल्ट किंचित सैल करून परत आवळायचा आणि नंतर टॅपेट (व्हॉल्वची फट) सेट करायचे.

फुल इंजिन करत असाल तर बोअरला जाळीदार हॉनिंग (बारीक तिरक्या रेघा) आहे ना ते लेथवाल्याकडे उभं राहून बघा, आणि प्रत्येक रिंग बोअरमध्ये घालून तोंडातली फट मोजा. मग एअर फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा रबरी पाइप. तो पिळून, दुमडून बघा. केसाएवढ्या भेगेतून शिरलेली धूळ नव्या रिंगा फार लवकर खाते. वरची रिंग जास्त झिजलेली आणि बोअरच्या वरच्या टोकाला पायरी पडलेली दिसली, तर जुनं इंजिन धुळीनं गेलंय. तो पाइप न बदलता बांधलेलं इंजिन पुन्हा तिथेच येणार.

तरीही तापतेय

आमचंही असं झालं. सगळं नीट बांधून, पाणी, श्राउड, थर्मोस्टॅट करून गाडी भार घेऊन घाटात नेली. काटा लाल पट्टीत नाही गेला, पण नेहमीच्या जागेवर थांबेना, वर वर सरकत राहिला. पाण्याची बाजू बरोबर होती म्हणजे इंजिनावर जास्त काम पडत होतं. घाटमाथ्यावर थांबून चाकांजवळ हात नेला तर मागचं डावं ड्रम भट्टीसारखं. हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली, ब्रेकचं लायनर कायम घासत होतं. गाडी वर्षानुवर्षं अर्धवट ब्रेक लावून घाट चढत होती. अशी तपासणी करायला जॅक लावून चाक हातानं फिरवा. एकदा ढकलल्यावर ते थोडं मोकळं फिरत राहिलं पाहिजे.

दुसरं राहिलेलं कारण डिझेलचा पंप. 'ओढत नाही' म्हणून कोणीतरी पंपाचा डिझेलचा स्क्रू वाढवलेला असतो. काळा धूर, जास्तीचं डिझेल, जास्तीची उष्णता. टायमिंग (डिझेल सोडण्याची वेळ) खूप पुढे असेल तर इंजिन ठोकतं आणि सिलिंडरमधला दाब वाढून गॅस्केटवर येतो. मागे असेल तर ओढ कमी आणि सायलेन्सर लालभडक. पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला टाका, पुस्तकातल्या आकड्यावर लावून घ्या आणि सील मारून घ्या. ओढ कमी वाटली तर भार कमी करा. सव्वा टनाच्या गाडीवर अडीच टन घालून तिच्याकडून गार राहण्याची अपेक्षा करणं तिच्यावर अन्याय आहे.

घाटात गिअर वेळेवर खाली टाका. जुन्या गाडीचा पंखा आणि वॉटर बॉडी इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतात. वरच्या गिअरला इंजिन घोंगावत ओढलं तर डिझेल जास्त जळतं आणि पाणी व हवा दोन्ही कमी फिरतात. काटा चढायला लागला तर थांबा, न्यूट्रलला थोडी रेस ठेवून पाणी फिरू द्या. पाइप फुटून पाणीच गेलं असेल तर मात्र तत्क्षणी बंद करा. आणि चढलेला काटा अचानक खाली आला तर सुटकेचा श्वास टाकू नका: पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो. इंजिन त्या क्षणी सर्वात जास्त तापलेलं असतं. तापलेल्या ब्लॉकवर थंड पाणी ओतू नका, हेड तडकतं.

नव्या इंजिनाला तासन् तास नुसतं उभ्यानं चालवू नका, रिंगा बसत नाहीत, बोअरला चकाकी येते. अर्ध्या भारानं, बदलत्या वेगानं चालवा, आणि पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरच्या आसपास बदला. नळाचं किंवा बोअरचं पाणी पुन्हा भरू नका. तयार कूलंट किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. आपल्याकडे ते बर्फासाठी नको आहे, गंज आणि गाळासाठी हवंय.

कूलंटच्या बाटलीवर मार्करनं रेघ मारा आणि रोज सकाळी थंड इंजिनाला पातळी बघा. सुरुवातीला अडकलेली हवा निघते म्हणून थोडी उतरेल, मग थांबली पाहिजे. उतरत राहिली आणि ऑइल स्वच्छ, बुडबुडे नाहीत असं असेल, तर कॅपचा रबर, वॉटर बॉडीच्या खालचं बारीक भोक, नवे वेल्श प्लग आणि पाइपांच्या क्लिपा या क्रमानं बघा. हेडचे बोल्ट सोडायची वेळ त्यानंतर.